आवक-जावक

जे काम मी बहात्तर वर्षे एका दिवसाचीही किरकोळ रजा न घेता, कोणाच्या शाबासकीची अपेक्षा न ठेवता आणि, खरे सांगायचे तर, आपण ते करीत आहोत याची स्वतःला दादही लागू न देता अव्याहत करीत आलो, ते काम मला मुळीच येत नाही, हा शोध मला गेल्या आश्विनात आमच्या पेठेतल्या एका तरुण डॉक्टरांच्या दवाखान्यात, सदरा काढून, उघड्या पाठीला त्यांच्या नळीची थंडगार चकती टेकलेली असताना लागला.

पावसाळ्याच्या अखेरीस धरलेला खोकला जाता जात नव्हता, म्हणून मी गेलो होतो. "काका, मोठ्ठा श्वास घ्या," डॉक्टर म्हणाले, मी घेतला. "सोडा," म्हणाले; मी सोडला. इथवर हुकूम आणि तामिली यांचा मेळ उत्तम होता, कारण वरून आलेल्या हुकमांची तामिली करण्यातच माझी उभी हयात मामलेदार कचेरीत गेलेली आहे. परंतु चकती पाठीवरून खाली सरकवीत ते सहज म्हणाले, "हं, आता नेहमीसारखा श्वास घेत राहा," आणि माझी पंचाईत झाली. नेहमीसारखा म्हणजे कसा? किती खोल? आत घेतल्यावर थांबायचे किती? पोट पुढे यावयाचे की छाती वर जावयाची? मी एक श्वास घेतला, तो फारच नाटकी वाटला. दुसरा घेतला, तो इतका चोरटा निघाला की अर्ध्यातच संपला. आणि तिसरा घ्यावा की दुसऱ्याचा राहिलेला भाग पुरा करावा या विवंचनेत काहीच न घेतल्यामुळे डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले.

"अहो काका, नेहमीसारखा!"

"हाच नेहमीचा," मी म्हणालो, आणि हे खोटे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

"बरं, राहू द्या. नाडी बघू," असे म्हणून त्यांनी माझे मनगट हाती घेतले, तेव्हा मी निश्चिंत झालो, कारण नाडी ही बाब माझ्या अखत्यारीतली नव्हे, ती बिघडली तरी बोल माझ्यावर येत नाही. मिनिटभराने त्यांनी कागदावर लिहिले: नाडी ७८, श्वास १६.

"श्वास कधी मोजलात?"

"आत्ताच की," ते हसून म्हणाले. "नाडी अर्ध्या मिनिटात होते. उरलेला वेळ हात नुसता धरून ठेवायचा आणि छातीकडे बघायचं. सांगून मोजला की श्वास बदलतो, म्हणून आम्हाला हे सुरुवातीलाच शिकवतात."

म्हणजे ही पूर्वसूचनेवाचून झालेली दप्तरतपासणी होती. आणि तीत मी उत्तीर्ण झालो तो केवळ माझे लक्ष नसल्यामुळे. निघताना त्यांनी आणखी एक जोखीम माझ्या गळ्यात घातली: आठवडाभर, रोज एकदा, निवांत असताना मिनिटाला किती श्वास होतात ते टिपून ठेवावे, आणि आकडा वर चढू लागला तर लागलीच यावे.

येथे माझ्या पूर्वायुष्याविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. मी नोकरीतली बरीच वर्षे आवक-जावक बारनिशीच्या टेबलावर काढली. आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवावयाचा आणि गेलेला प्रत्येक कागद जावक नोंदवहीत. मधल्या काळात त्या कागदाचे काय झाले, हा प्रश्न बारनिशीने कोणाला विचारावयाचा नसतो. असल्या माणसाला स्वतःच्या देहातल्या सर्वांत मोठ्या आवक-जावकेची वार्ता बहात्तराव्या वर्षी लागावी, याची मला लाज वाटली, आणि घरी येऊन मी हिशेबाला बसलो. मिनिटाला चौदा धरले तरी दिवसाचे श्वास वीस हजारांच्या वर जातात; बहात्तर वर्षांचे बावन्न कोटींच्या पुढे. प्रत्येक श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा, म्हणजे दिवसाला दहा हजार लिटर. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तो बरोबर एवढाच असतो, आणि त्याच्या एका फेरीच्या पैशांवरून सभासदांत जे रणकंदन माजते ते दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाते. तसलाच हवेचा भरलेला टँकर प्रत्येक सभासद रोज एकटा रिचवतो आणि त्याविषयी सर्वसाधारण सभेत चकार शब्द निघत नाही.

या जमाखर्चाचा पहिला ताळेबंद ज्याने मांडला तो गृहस्थही मूळचा महसूल खात्यातलाच होता, हे वाचून मला जे समाधान झाले ते मी लपवू इच्छीत नाही. फ्रान्समधील लाव्हाझिए हा रसायनशास्त्राचा आद्य आचार्य म्हणून सर्वश्रुत आहे. पण त्याचा चरितार्थ चाले तो राजाकडून कर वसुलीचा मक्ता घेणाऱ्या इजारदारांच्या मंडळीतला एक भागीदार म्हणून. दिवसाचे वसुलीचे काम आटोपून हा मनुष्य प्रयोगशाळेत बसे. त्याने लाप्लास या गणितज्ञाच्या साहाय्याने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, त्याच्या उबेने बर्फ किती वितळले ते मोजले, तेवढाच कर्बवायू निघेपर्यंत कोळसा जाळल्यास बर्फ किती वितळते तेही मोजले, आणि दोन्ही रकमा बऱ्याच अंशी जुळतात असे पाहून १७८३ साली जाहीर केले की, श्वासोच्छ्वास म्हणजे मंद गतीने चाललेले ज्वलन होय. तोपर्यंत हृदयाचा दाह शमविण्यासाठी आपण हवा घेतो, अशी समजूत युरोपात शतकानुशतके चालत आली होती. हवा विझविण्यासाठी नसून पेटविण्यासाठी आहे, हे एका जकातवाल्याने दाखविले. जकातवाला हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण याच मंडळींनी पॅरिसमध्ये चोरटा माल शिरू नये म्हणून शहराभोवती जकातीची भिंत बांधविली, तिचा पुरस्कार लाव्हाझिएने केला, आणि पुढे क्रांतीच्या धामधुमीत मारा नावाच्या जहाल पत्रकाराने त्याच्यावर जे आरोप ठेवले त्यांत एक असा होता की, या माणसाने भिंत उभारून पॅरिसची हवा कोंडली! प्राणवायूचे मर्म ज्याने जगाला सांगितले, त्याच्यावर लोकांचा वारा अडविल्याचा ठपका यावा, हा न्याय फक्त महसूल खात्यातच मिळतो. ८ मे १७९४ रोजी इतर इजारदारांसमवेत त्याचा शिरच्छेद झाला. माझे निवृत्तिवेतन सहा महिने अडले होते तेव्हा मला फार वाईट वाटले होते; आता तितके वाटत नाही.

जकातीचा विषय निघालाच आहे, तर ज्या अवयवाला आपण नाक म्हणतो तो वस्तुतः नाका आहे, ही गोष्ट शब्दातच दडलेली असून आपल्या ध्यानात येत नाही याचे मला नवल वाटते. येणारा माल येथे अडविला जातो. दाराशीच केसांची जाळी आहे, तीत मोठी धूळ अडकते. आत शेंबडाचा चिकट लेप आहे, त्यावर बारीक धूळ बसते. आणि त्याच्याही आत, शिंपल्यासारख्या वळलेल्या हाडांवर रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असून, पौषातल्या पहाटेची बोचरी हवा त्यावरून सरकताना निमिषार्धात शरीराइतकी उबदार आणि ओलसर होते. इतका नामी हमामखाना पेशवाईतही कोणाच्या वाड्यात नसेल. त्याची किंमत सर्दी झाल्यावर, म्हणजे नाका बंद होऊन सगळी वाहतूक तोंडाच्या आडवाटेने सुरू झाल्यावर, सकाळी कोरड्या पडलेल्या घशाने उठताना कळते.

या नाक्यावर नाकेदार दोन आहेत, परंतु ते एका वेळी सारखे काम करीत नाहीत. एका नाकपुडीतले अस्तर काही तास फुगलेले राहते आणि दुसरी मोकळी असते; मग पाळी बदलते. १८९५ साली कायझर नावाच्या जर्मन वैद्याने हा प्रकार शास्त्रीय रीतीने नोंदविला. आमच्याकडच्या स्वरशास्त्रवाल्यांना चंद्रनाडी आणि सूर्यनाडी यांची ही अदलाबदल फार पूर्वीपासून अवगत होती. मात्र त्यांनी तिच्यावर प्रवासाचे, खटल्याचे आणि अपत्याचे इतके भविष्य लादले, की नाकपुड्या बिचाऱ्या आपले मूळ काम कोणते हेच विसरून गेल्या असतील.

माझी मुंज आठव्या वर्षी झाली तेव्हा आजोबांनी मला संध्येतला प्राणायाम शिकविला. मला बारमाही सर्दी. उजवी नाकपुडी अंगठ्याने दाबून डावीने श्वास घ्यावा, तर डावीचा नाकेदार कधीच कामावर हजर नसे. बोटे बदलावीत, तर तोवर उजवीकडचाही निघून गेलेला असे. शेवटी जीव कासावीस होऊन मी तोंडाचा आ करी, आणि आजोबा पळीने माझ्या गुडघ्यावर हलकेच टोला देऊन म्हणत, "अरे, नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण आहे, विधी नव्हे." ती तांब्याची पळी अद्याप आमच्या देवघरात आहे, आणि तिच्याकडे पाहिले की माझे नाक आजही चोंदते.

नाक्यावरून सुटलेला माल घशात येतो, आणि येथे विधात्याने, त्याच्याविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो, एक अक्षम्य चूक करून ठेवलेली आहे. अन्नाचा रस्ता आणि हवेचा रस्ता त्याने एकाच तिठ्यावर आणून सोडला. नाकातून येणारी हवा वस्तुतः मागच्या बाजूने उतरते आणि तिला जावयाचे असते पुढच्या नळीत. तोंडातून येणारा घास पुढून येतो आणि त्याला जावयाचे असते मागच्या नळीत. म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याचा रस्ता ओलांडल्यावाचून कोणाचेही काम होत नाही. या तिठ्यावर स्वरयंत्राच्या तोंडाशी कूर्चेची एक झडप ठेवलेली आहे. घास आला की स्वरयंत्र वर उचलले जाते, झडप त्याच्यावर कलते, श्वास क्षणभर थांबतो, घास मागे घसरतो आणि पुन्हा सारे खुले होते. देवडीवरचा हा पहारेकरी दिवसभरात शेकडो वेळा हे काम बिनबोभाट पार पाडतो. मात्र घास गिळता गिळता मालकाला बोलण्याची किंवा हसण्याची हुक्की आली, की तो गोंधळतो.

आमच्या एका मावसभावाच्या लग्नात शेवटच्या पंगतीला यजमानांकडचे एक वयोवृद्ध काका जिलबीवर मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून बसले असता, वाढायला आलेल्या कोणी एका वात्रट मुलाने विहीणबाईंच्या नाकातल्या नथीविषयी काहीतरी उद्गार काढला, आणि पुढच्या क्षणी तो सगळा मठ्ठा, त्यातल्या आल्यामिरचीसह आणि कोथिंबिरीच्या एका अखंड पानासह, काकांच्या दोन्ही नाकपुड्यांतून बाहेर आला. पुढे जे व्हावयाचे ते यथासांग झाले. एकाने पाठीवर थापा मारल्या, दुसऱ्याने "वर बघा, वर बघा" म्हणून हनुवटी धरून छताकडे वळविली, आजीने टाळूवर फुंकर घातली, आणि काकांचे डोळे पांढरे होत असताना पलीकडच्या रांगेतून कोणीतरी शांतपणे म्हणाले, "कुणीतरी आठवण काढली वाटतं." वस्तुतः त्यांना वाचविले ते यांपैकी कोणीही नव्हे, तर ठसक्याने, कारण खोकला म्हणजे स्वरयंत्राचे दार घट्ट बंद करून, आत हवेचा दाब वाढवून, मग ते एकाएकी उघडून दिलेला धक्का असतो, आणि चुकीच्या रस्त्याला लागलेला माल हुसकून लावण्यास त्याच्याइतका खमक्या जमादार दुसरा नाही. जेवताना बोलू नये, हा नियम आमच्या वाडवडिलांनी शिष्टाचार म्हणून सांगितला. तो वास्तविक वाहतुकीचा नियम आहे.

जमादाराचाही डोळा चुकवून काही आत गेलेच, तर ते बहुधा उजव्या अंगाला सापडते. श्वासनलिका छातीत शिरून तिचे दोन फाटे होतात; हृदय डावीकडे सरकून बसल्यामुळे डावा फाटा बराच तिरपा जातो, आणि उजवा रुंद, आखूड आणि जवळजवळ सरळ उतरतो. घसरणाऱ्या वस्तूला राजकारण कळत नाही. ती सरळ रस्ता धरते. लहान मुलांनी दाणे खाता खाता आत ओढलेला शेंगदाणा म्हणूनच डॉक्टर आधी उजवीकडे शोधतात. १८९७ साली जर्मनीत किलियान नावाच्या डॉक्टरने एका शेतकऱ्याच्या अशाच उजव्या फाट्यात अडकलेला हाडाचा तुकडा तोंडातून नळी घालून बाहेर काढला, तेव्हा श्वासनलिकेत नळी घालून पाहण्याच्या विद्येचा पाया घातला गेला.

स्वरयंत्राचा उल्लेख आला, तर त्याच्या कारभारातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला, माजी कारकून या नात्याने, अशक्य आहे. मेंदूकडून स्वरयंत्राला जो हुकूम येतो तो मानेतून खाली उतरणाऱ्या एका मोठ्या चेतातंतूबरोबर निघतो. मेंदूपासून स्वरयंत्र जेमतेम वीतभर अंतरावर. परंतु डाव्या बाजूचा हुकूम स्वरयंत्राच्या शेजारून, त्याच्याकडे न पाहता, तसाच खाली छातीत जातो, तेथे हृदयातून निघालेल्या महारोहिणीच्या कमानीला खालून वळसा घालतो, आणि मग पुन्हा वर चढून स्वरयंत्रापाशी हजर होतो. जिराफाच्या मानेत हा फेरा काही मीटरांचा होतो. हे वाचले तेव्हा मी उठून बसलो. आमच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर द्यावयाचा कागद बारनिशीत उतरून, जिल्ह्याला जाऊन, अभिप्रायासह परत येऊन मग शेजारच्या टेबलावर पोहोचत असे, आणि त्याबद्दल जनता आम्हाला नावे ठेवीत असे. प्रत्येक तक्रारदाराने ती तक्रार उच्चारताना स्वतःच्या गळ्यात नेमकी हीच पद्धत वापरलेली असते!

फुप्फुसाच्या आत काय चालते ते आकड्यांत सांगितले तर विश्वास बसत नाही. नळीला फाटे, फाट्यांना फाटे असे सुमारे तेवीस वेळा होत जाऊन शेवटी वायुकोशांचे घोस लागतात. त्यांची गणती तीस कोटींच्या घरात जाते, आणि ते उलगडून पसरले तर जमीन भरते सुमारे सत्तर चौरस मीटर. मी या आकड्याचे फूट केले: साडेसातशे चौरस फूट. दहा बाय दहाच्या साडेसात खोल्या! गिरगावातल्या चाळीत आम्ही सात माणसे दीड खोलीत राहत होतो, आणि जागेच्या टंचाईवर वडिलांचे रोज रात्री व्याख्यान होई. त्या प्रत्येकाच्या छातीत साडेसात खोल्यांचा प्रशस्त ब्लॉक, हवेशीर, पागडीवाचून, पडलेला होता. त्या ब्लॉकच्या भिंती मात्र आमच्या चाळीच्या फळ्यांच्या भिंतींहूनही पातळ असतात. पलीकडे केशवाहिनीतले रक्त वाहते, आणि भिंतीतूनच प्राणवायू इकडून तिकडे आणि कर्बवायू तिकडून इकडे अशी शेजारधर्माची देवघेव होते.

आता या खात्याचा खर्च पाहा, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकावर टीका करण्याचे धैर्य आपल्याला पुन्हा होणार नाही. मंजूर झालेल्या अर्ध्या लिटरपैकी सुमारे दीडशे मिलिलिटर हवा नाक, घसा आणि नळ्या यांच्या वाटेतच अडकून राहते. तिचा वायुकोशांशी संबंधच येत नाही, ती नुसती आत येते आणि तशीच बाहेर जाते. म्हणजे तीस टक्के रक्कम वाटेत. उरलेली कामाच्या जागी पोहोचते तिचीही तऱ्हा अशी, की आत घेतलेल्या हवेत प्राणवायू असतो शेकडा एकवीस आणि बाहेर सोडलेल्या हवेत शेकडा सोळा. म्हणजे पाऊण रक्कम अखर्चित म्हणून परत! आणि कितीही जोर करून श्वास सोडला तरी सव्वा लिटरच्या आसपास हवा छातीत शिल्लक राहतेच. ती बाकी मरेपर्यंत कोणाला शून्यावर आणता आलेली नाही. छातीतून बाहेर सोडलेली हवा किती ते मोजण्याचे यंत्र १८४६ साली हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने प्रसिद्ध केले, आणि त्यात त्याने दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावले.

परंतु मला खरा धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीने. श्वास घ्यावा असे आपल्याला वाटते ते प्राणवायू कमी पडला म्हणून, अशी माझी बालपणापासूनची भाबडी श्रद्धा होती. तसे नाही. मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेतले श्वासाचे मुख्य ठाणे एरवी प्राणवायूची फारशी चौकशीच करीत नाही. ते नजर ठेवते कर्बवायूवर. रक्तात कर्बवायू किंचित साचला की ते छातीखालच्या पडद्याला आणि बरगड्यांच्या स्नायूंना हुकूम सोडते. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली हे सिद्ध केले. (या हॉल्डेनचे चिरंजीव, तेही मोठे शास्त्रज्ञ, १९५७ साली भारतात राहायला आले आणि पुढे येथलेच नागरिक झाले.) म्हणजे आपण जगतो ते ताज्या हवेच्या ओढीने नव्हे, तर उकिरडा साचल्याच्या बोभाट्याने. हे कळल्यावर मला आमच्या नगरपालिकेची कार्यपद्धती एकदम परिचित आणि जवळची वाटू लागली. मुले हट्टाने श्वास कोंडून बसतात आणि आया घाबरतात, तेथेही हेच ठाणे शेवटी मध्ये पडते. थोडा वेळ ते पोराचा हट्ट चालू देते आणि मग त्याला न विचारता श्वास सुरू करते. उलटपक्षी, भरभर श्वास घेऊन कर्बवायू फार घालविला तर डोके हलके होते आणि बोटांना मुंग्या येतात. माझ्या मोजणीच्या पहिल्या दिवशी हे सर्व मी अनुभवले.

आपल्या भाषेने या व्यवहारात फारसीतला 'दम' आणून बसविला आणि त्याच्याकडून इतकी कामे घेतली, की तो अद्याप टिकून आहे याचेच आश्चर्य वाटते. आपण दम धरतो, दम खातो, दम टाकतो. जिना चढल्यावर दम लागतो, आणि साहेब झाल्यावर दम देता येतो. एकाच माणसाला देता येणारा दम आणि लागणारा दम यांचे प्रमाण व्यस्त असते, हे मी कचेरीच्या जिन्यावर वर्षानुवर्षे पाहिले आहे. रोगाचे नाव दमा. आणि त्याच शब्दाची गाण्यातली बहीण म्हणजे दमसास, जिच्यावर आमच्या लहानपणी नाट्यगृहे डोलत. गवई तान संपवीपर्यंत पिटातले श्रोते श्वास रोखून बसत, आणि तो सम गाठून श्वास घेई तेव्हा आठशे माणसे त्याच्याबरोबर घेत.

उचकीविषयी मात्र आमच्या लोकांचे मत मला फेरविचारार्ह वाटते. पडदा अचानक आकसतो, हवा आत झेपावते, तोच स्वरयंत्राचे दार आपटते, एवढाच तो प्रकार. आम्ही म्हणतो, कोणी आठवण काढली. अमेरिकेत आयोवा प्रांतातल्या चार्ल्स ऑस्बोर्न या गृहस्थाची उचकी १९२२ साली सुरू झाली ती १९९० साली थांबली. अडुसष्ट वर्षे इतक्या निष्ठेने आठवण काढणारे माणूस कोण असावे? माझा कयास असा, की तो सावकार असावा.

असो. मोजणीची हकीकत राहिली. पहिल्या दिवशी घड्याळ समोर ठेवून मी मोजले ते नऊ भरले, दुसऱ्यांदा बावीस, तिसऱ्यांदा मध्येच विसरलो. एका मित्राने प्राणायामाचा उपदेश केला आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून प्राणायामाला प्रयोगशाळेत नेऊन बसविल्याचे सप्रमाण सांगितले. परंतु मला श्वासावर ताबा मिळवावयाचा नव्हता, उलट माझा जो काही ताबा त्याच्यावर बसला होता तो कसा सोडावा हे मला कोणी सांगावे, अशी माझी अडचण होती. अखेर मी ते टेबल सौभाग्यवतींकडे वर्ग केले, आणि त्यांनी, आपण केव्हा मोजतो याचा सुगावा मला लागू न देता, दुधाचा हिशेब मांडतात त्याच कालनिर्णयावर नोंदी केल्या. आठवड्याने पान फाडून आम्ही दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ते गंभीरपणे वाचले:

सोम १५. दूध १. मंगळ १६. दूध १. बुध १५, पेपर वाचताना. गुरु २२, जावयांचा फोन. दूध दीड. शुक्र १४, झोपेत. घोरत होते, कुशीवर वळवून मग मोजले. शनि नासले, बदलून घेतले.

"शनिवारी काय नासलं?"

"दूध," सौभाग्यवती म्हणाल्या. "ह्यांचा श्वास बरा आहे हो डॉक्टर. घोरणं मधेच थांबतं तेवढंच. थांबलं की मला जाग येते, सुरू झालं की मी झोपते. किती वर्षांची सवय आहे."

डॉक्टरांनी कालनिर्णय खाली ठेवला. "थांबतं म्हणजे? किती वेळ?"

"घड्याळ नाही बघितलं कधी. 'श्रीराम जय राम जय जय राम' तीन-चारदा म्हणून होतं, तेवढा."

डॉक्टरांनी मनगटावरचे घड्याळ समोर धरून त्यांच्याकडून ते चारदा म्हणवून घेतले. नेहमीच्या लयीत, घाई न करता. अकरा सेकंद भरले. मग त्यांनी एक नवा कागद ओढून त्यावर बरेच काही इंग्रजीत लिहिले, झोपेची तपासणी करावी लागेल असे सांगितले, आणि मान वर करून मला विचारले, "काका, इतकी वर्षं हे होतंय आणि तुम्हाला पत्ताच नाही?"

मी सदऱ्याची बटणे लावीत म्हणालो, "ते टेबल माझ्याकडे नाही."